साहेबांच्या फोटोवर लाल फुली

प्रुफं तपासण्याच्या कामात माणसाचं हाड मोडू शकतं, यावर माझ्या बायकोचा विश्वास बसायला तिला सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेपर्यंत न्यावं लागलं. खाटेवर आमच्या छापखान्याचा ऑपरेटर होता. उजवं मनगट मोडलेलं, भुवईला टाके, आणि खालचा ओठ इतका सुजलेला की पाणी पाजलं तर निम्मं हनुवटीवरून खाली यायचं. घरी परतताना बायको रिक्षात म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात, बैठं काम आहे."

बैठंच काम आहे. मराठीचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी सावेडीतल्या एका छापखान्यात सकाळच्या वेळी प्रुफं वाचायला जाऊ लागलो. छापखाना म्हणायची आपली जुनी सवय. तिथे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि मुख्यतः वाढदिवसांचे फ्लेक्स होतात. शहराचं नाव बदललं तेव्हा पाट्या आणि लेटरहेडं बदलून घ्यायला अशी रांग लागली की मालकांनी दुसरं मशीन घेतलं. माझं काम एवढंच, की छापण्याआधी मजकूर वाचायचा आणि चुकेल तिथे लाल पेनाने खूण करायची. ऑपरेटर ती खूण बघून कॉम्प्युटरवर दुरुस्ती करायचा. आमच्यात फारसं बोलणं होत नसे. लागतही नसे.

या कामाची भाषा मात्र पहिल्यापासून मारामारीची. आम्ही काना मारतो, रेघ मारतो, अनुस्वार उडवतो, शब्द तोडतो, ओळ कापतो. मी ही विद्या राजूरच्या शाळेत मिळवली तीही मार खाऊनच. गुरुजी शुद्धलेखन घालायचे आणि दर चुकीला निरगुडीचा एक फोक द्यायचे. पावसाळ्यात फोक ओला असला की जास्त लागायचा, आणि राजूरला पावसाळा मोठा. पुढे मास्तर झाल्यावर मी पोरांवर हात उचलला नाही. वह्यांवर उचलला.

तर त्या महिन्यात आमच्याकडे एका साहेबांच्या एकसष्टीचा गौरवांक छपाईला आला. जिल्ह्यातल्या एका तालुक्यात या साहेबांच्या शाळा आहेत, पतसंस्था आहे, दूध संघ आहे. लोकांना त्यांची ओळख पहिल्या पानावरच व्हावी म्हणून नावाच्या आधी विशेषणांची वरात काढली होती. कार्यसम्राट, विकासपुरुष, शिक्षणमहर्षी, गोरगरिबांचे कैवारी, युवकांचे आशास्थान. ‘शिक्षणमहर्षी’ या शब्दात दोन चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या आणि पान उलटलं.

दुसऱ्या पानावर साहेबांचा पानभर फोटो होता, आणि तो उलटा होता. उलटा म्हणजे खाली डोकं वर पाय असा नव्हे. आरशात दिसतो तसा. शर्टाचा खिसा उजवीकडे गेलेला, डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर आलेला. यात ऑपरेटरचा आळस नव्हता. आमच्याकडे एक रिवाज आहे. कुठल्याही छापील पानावर पक्षातले मोठे नेते वर छोट्या गोलांत असतात आणि खालच्या माणसाने त्यांच्याकडे बघत असायला हवं. त्याने पाठ फिरवलेली दिसली तर वरचे विचारतात, हा कुठे चाललाय? साहेबांचा आलेला फोटो नेमका विरुद्ध बाजूला बघत होता. ऑपरेटरने एक कळ दाबून त्यांना पक्षात परत आणलं होतं.

चित्र बदलायचं असलं की त्याच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारायची आणि शेजारी ‘काढा’ असं लिहायचं, ही पद्धत छापखान्यात माझ्या आधीपासूनची. मी फुली मारली. ‘काढा’ लिहिलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘उलटा आहे, सरळ लावा.’ मग चहा आला.

चहाबरोबर साहेबांचा एक कार्यकर्ताही आला. काम कुठवर आलं ते बघायला तो रोज यायचा आणि दोन वेळा चहा पिऊन जायचा. मी आत हात धुवायला गेलो तेवढ्यात त्याने मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढला. साहेबांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल फुली आणि बाजूला ‘काढा’. खालची बारीक ओळ त्याने घेतलीच नाही. साहेबांच्या विरोधकांचे फ्लेक्सही आमच्याकडेच होत असत, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. निवडणूक तोंडावर होती. अर्ध्या तासात तो फोटो त्यांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला, आणि सोबत एक संदेश. त्या संदेशात बिनचूक असा एकच शब्द होता, तो म्हणजे ‘फुली’.

पोरं मोटारसायकलींवर आली. त्यांच्या मागे एक टेम्पो होता. सगळ्यांत पुढे जो आत शिरला तो माझा जुना विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर बसायचा, निबंध लिहायचा नाही, पण फळा पुसायला पहिला उठायचा. आता मान जाड झाली होती आणि हातात स्टंप होता.

"सर, तुमी बाजूला व्हा," तो म्हणाला.

"फुली मी मारली आहे," मी म्हणालो.

"तुमी भोळं मानूस, सर. तुमच्याकडून कुनीतरी मारून घेतली. आमाला तो कुनीतरी पायजे."

"अरे, फोटो उलटा होता."

"उलटा कोन हुतो ते आमी बघतो."

मागून एकजण ओरडला, "ए थेरड्या, गप बस!" माझ्या विद्यार्थ्याने वळून त्या पोराच्या कानाखाली अशी दिली की त्याचा गॉगल मशीनखाली गेला. "सर म्हन," तो म्हणाला. मग त्याने मला काखेत धरून उचललं आणि पंगतीतल्या म्हाताऱ्याला बसवतात तसं कोपऱ्यातल्या खुर्चीवर हळूच ठेवलं. दोन पोरं माझ्या खांद्यांवर हात ठेवून उभी राहिली. माझा मान राखण्याचा हा कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी ऑपरेटरला धरलं.

त्याने काही केलं नव्हतं आणि काय झालंय हेही त्याला माहीत नव्हतं. तो खुर्चीत बसून तोच फोटो सरळ करत होता. पहिला स्टंप मॉनिटरवर बसला, दुसरा त्याच्या पाठीवर. तो उठायला लागला तर कॉलर धरून त्याचं तोंड की-बोर्डवर आपटलं. "कुनी सांगितलं? नाव सांग!" प्रत्येक प्रश्नाला एक आपट. त्याला सांगण्यासारखं नाव नव्हतं. तो माझं सांगू शकला असता. मी तर ओरडून तेच सांगत होतो. पण तो बोलला नाही. मग एकाने त्याचा उजवा हात माउसवर होता तसाच टेबलावर दाबून धरला, आणि माझ्या विद्यार्थ्याने फ्लेक्सला कड्या ठोकायची हातोडी उचलली. वाळलेली शेंग पायाखाली यावी इतकाच आवाज झाला. ऑपरेटरच्या तोंडून आवाज आला तो बऱ्याच वेळाने, आणि तो माणसाचा वाटला नाही.

नंतर त्यांनी टेम्पोतून दुधाचे कॅन उतरवले. आमच्याकडे नेत्याच्या फोटोचा अपमान झाला की फोटोला दुधाने आंघोळ घालतात. दुकानाबाहेर साहेबांचा वाढदिवसाचा फ्लेक्स सुकत टांगला होता, त्याच्यावर घोषणा देत कॅन ओतले. दूध त्यांच्याच संघाचं होतं. ते पायरी उतरून आत आलं आणि टेबलाखाली सांडलेल्या रक्ताला मिळालं. दोन रंगांचं काम स्वस्तात होतं, असं आमचे मालक गिऱ्हाइकांना नेहमी सांगत. त्या दिवशी ते काउंटरखाली लपले होते.

पोलीस दूध संपल्यावर आले. मालक म्हणाले, काही नाही, आपसातलं आहे. सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? ऑपरेटर म्हणाला, "जिन्यावरून पडलो."

डॉक्टरांनी त्याच्या भुवईकडे बघितलं, पाठीवरच्या वळांकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

तो खोटं का बोलला हे मला त्याची बायको आल्यावर कळलं. ती साहेबांच्याच शाळेत मदतनीस होती. कायम होण्याची ऑर्डर याच वर्षी निघणार होती. तिने मला वऱ्हांड्यात गाठलं.

"सर, तुमी त्यांना तक्रार द्या म्हनू नका. तुमाला हात जोडते. आर्डर निघायची हाय माझी. पोरीचं शिक्षान हाय. ह्यांचा हात आता काय कामाला येतोय कुनाला ठावं, माझी नोकरी गेली तर खायाचं काय?"

"आणि ते परत आले तर?"

"न्हाई येत."

"आले तर?"

 तक्रार दिली तर तिची नोकरी जाणार, आणि नाही दिली तर ती पोरं हवं तेव्हा येऊन दुसरा हात मोडू शकतात हे मान्य केल्यासारखं होणार. मी सल्ला दिला नाही. माझी पेन्शन सुरू होती. अशा माणसाने दुसऱ्याला शौर्य शिकवू नये.

दोन दिवसांनी साहेबांचं बोलावणं आलं. मालक आणि मी त्यांच्या बंगल्यावर गेलो. मी दोन्ही फोटो बरोबर घेतले होते, उलटा आणि सरळ. साहेब फार सौजन्याने वागले. "सर, या. बसा. चहा का कॉफी?" मी फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि फुलीचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही फोटो नीट बघितले. मग उलट्यावर बोट ठेवलं.

"हा बरोबर आहे."

"साहेब, खिसा बघा."

"खिशाचं सोडा. रोज दाढी करताना मला हाच माणूस दिसतो. हा दुसरा कोण आहे? तोंड वाकडं दिसतंय त्याचं."

"लोकांना मात्र तुम्ही असेच दिसता," मी म्हणालो.

मालकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. साहेब हसले. "पोरं तापट आहेत हो. प्रेमापोटी करतात."

"त्या प्रेमात त्याचं मनगट गेलं."

"म्हणूनच म्हणतो, त्याचा सत्कार करू. एकसष्टीच्या स्टेजवर, माझ्या हस्ते. शाल, श्रीफळ. त्याच्या मंडळींची ऑर्डरही तिथेच देऊ. म्हणजे विषय मिटला. आणि सर, फोटो हाच ठेवा."

बाहेर आल्यावर मालक म्हणाले, "बघा, माणूस मोठ्या मनाचा." गौरवांक उलट्या फोटोसकट छापून झाला. शेवटचं प्रूफ मीच वाचलं. त्या पानावर खूण करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एकसष्टीला शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. साहेब आले तेव्हा जेसीबीच्या बकेटमधून त्यांच्यावर झेंडूची फुलं ओतली. केक तलवारीने कापला. तलवार खरी होती. पहिला तुकडा कापताना ताटाचा काठ तुटला. भाषणं झाली, त्यांत साहेबांची तुलना ज्यांच्याशी केली त्या सगळ्यांना मरून निदान शंभर वर्षं झाली होती. मग निवेदकाने ऑपरेटरचं नाव पुकारलं: "अपघातात जखमी होऊनही या ग्रंथासाठी झटलेले आपले बंधू!"

तो खालून निघाला. त्याला पायऱ्या चढवायला कोपराला धरून कोण होतं, तर माझा विद्यार्थी. "सावकाश, काका," असं तो म्हणाला, हे मी पुढच्या रांगेतून ऐकलं. साहेबांनी शाल पांघरली. नारळ उजव्या हाताकडे केला, तिथे प्लास्टर बघून डाव्या हातात दिला. ऑर्डरचं पाकीट त्यांच्या दुसऱ्या हातात तयार होतं. बायकांच्या बाजूला ऑपरेटरची बायको उभी राहिली होती.

निवेदकाला कार्यक्रम रंगवायची हौस. त्याने माईक पुढे केला. "दोन शब्द बोला."

ऑपरेटर मला इतक्या वर्षांत कधी माईकवर काय, दुकानातसुद्धा मोठ्याने बोललेला आठवत नाही. त्याने माईककडे बघितलं. सुजलेला ओठ अजून पुरता उतरला नव्हता.

"मी जिन्यावरून पडलो न्हाई," तो म्हणाला. "आमचं दुकान तळमजल्यावर हाय. तिथं जिनाच न्हाई. ह्यानं हातोडी घातली." आणि त्याने नारळाचा हात कोपर धरून उभ्या असलेल्या पोराकडे केला.

मांडवाने टाळ्या वाजवल्या. वाक्य संपलं की वाजवायच्या, ही सवय. साहेब फोटोग्राफरकडे बघून हसत होते, ते तसेच हसत राहिले. फक्त पाकीट त्यांनी शर्टाच्या खिशात घातलं. खिसा डावीकडे होता. बॅंडवाल्यांना कुणीतरी खूण केली आणि वाद्यं सुरू झाली.

मी स्टेजच्या मागे पोचलो तेव्हा ते सुरू झालेलं होतं. कापडी पडद्यापलीकडे बॅंड, अलीकडे हे. ऑपरेटर खाली पडला होता आणि प्लास्टरचा हात पोटाशी घेऊन गोळा झाला होता. पोरं लाथा मारत होती, मुद्दाम त्या हाताकडे नेम धरून. शाल त्याच्या तोंडावर आली होती, त्यामुळे मार नेमका कुठून येतो हेही त्याला दिसत नव्हतं. मी माझ्या विद्यार्थ्याचा दंड धरला. या वेळी कुणी ‘सर’ म्हणालं नाही. त्याने वळून माझ्या तोंडावर बुक्की मारली. दात पडल्याचं मला लगेच कळलं नाही; तोंडात खडा आला असं वाटलं. मी तो थुंकला.

तेवढ्यात ऑपरेटरची बायको पडदा बाजूला सारून आली. ती ओरडली नाही. खाली पडलेला सत्काराचा नारळ तिने दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या विद्यार्थ्याच्या गुडघ्यावर घातला. तो "आई गं" म्हणत बसला. बसल्यावर तिने तोच नारळ त्याच्या खांद्यावर घातला. दुसऱ्या घावाला नारळ फुटला आणि पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टावर गेलं. बाकीची पोरं बघत उभी राहिली. बाईवर हात टाकायचा की नाही, याची सूचना त्यांना कुणी दिलेली नसावी.

"उठा," ती नवऱ्याला म्हणाली. "ठान्याला चला. आता जिन्याचं सांगायचं न्हाई."

"तुझी आर्डर—" तो म्हणाला.

"बघितली मी. त्यांच्याच खिशात बरी हाय."

पोलीस ठाण्यात हवालदार भला माणूस निघाला, म्हणजे त्याने आम्हाला बसायला बाक दिला. ऑपरेटर सांगत गेला, तो दोन बोटांनी कॉम्प्युटरवर टाइप करत गेला. हातोडी कुणाच्या हातात होती, हात कुणी दाबला, स्टेजमागे कोण कोण होतं. मी साक्षीदार. माझ्या तोंडाला रुमाल लावलेला होता आणि मी बोललो की तो लाल व्हायचा. निम्मी फिर्याद झाली असेल तेव्हा आतल्या खोलीत निरीक्षकांचा फोन वाजला.

"हो साहेब," आतून आवाज आला. "नाही साहेब, कल्पना नाही... इथेच? बघतो, साहेब."

हवालदाराने आतल्या दाराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि प्रिंट काढली. प्रिंटर कण्हत कण्हत चालत होता. कागद हातात घेऊन तो मला म्हणाला, "सर, तुम्ही मराठीचे. एकदा नजर घाला. चुका असल्या तर आत्ताच सांगा, सुधारून दुसरी काढतो."

मी वाचलं. कोण, कुठे, कशाने, किती, सगळं सांगितल्याप्रमाणे होतं. बाकी त्या पानावर दम घ्यायला जागा नव्हती. ‘मनगट’, ‘हातोडी’, ‘फिर्यादी’, एकेका शब्दाची ऑपरेटरसारखीच अवस्था केलेली होती. अख्ख्या पानाला एक पूर्णविराम, तोही भलत्या ठिकाणी. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "फक्त दोन मिनिटं, साहेब, मी स्वतः बघतो."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "एकही चूक नाही."

ऑपरेटरला सही डाव्या हाताने करावी लागली. पेन मुठीत धरून तो एकेक अक्षर काढत होता, आणि त्याची बायको कागद सरकू नये म्हणून त्याच्यावर हात दाबून उभी होती. हवालदाराने नोंद करून गुन्ह्याचा नंबर टाकला, शिक्का मारला. तेव्हा निरीक्षक बाहेर आले.

"थांबा जरा," ते म्हणाले. "हे आपण बसून मिटवू."

"नंबर पडला, सर," हवालदार खाली बघत म्हणाला.

बाईंना सोमवारी शाळेतून निरोप आला, येऊ नका. मी भेटायला गेलो तेव्हा त्या दारात भांडी घासत होत्या. ऑपरेटर आत डाव्या हाताने जेवत होता, निम्मं ताटाबाहेर सांडत.

"रोज सकाळी हापिसातला त्यांचा फोटो पुसायचं काम माझ्याकडं हुतं," त्या म्हणाल्या. "आता ज्याचं त्यानं पुसावं. या आत. दात बसवला का तुमी?"